सहदेवासाठी तापवलेलं पाणी

सांबाऱ्याला उकळी फुटली, वड्यांचं पीठ परातीत फुगून वर आलं, तरी तळायला कुणी उठेना. साडेदहा वाजून गेले होते. यज्ञेश गुरुजी बारापर्यंत मुलुंडहून यायचे होते, दर्भ-तिळाचं ताट अजून मांडायचं होतं, आणि भांडुपच्या घाडीगावकरांच्या बाहेरच्या खोलीत ऐन म्हाळाच्या दिवशी बाप-लेक टीपॉयच्या दोन बाजूंना असे बसले होते, जणू मधल्या कागदाला ज्याचा हात आधी लागेल त्याला तो डसणार होता.

विमला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून अळूची देठं सोलत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई. हात आपलं काम करत होते, कान बाहेर होते.

"पप्पा, एक सही," श्रुतिका म्हणत होती. "रक्ताच्या नातेवाइकाचीच लागते, म्हणून तुमच्याकडे आले. महिनाअखेरपर्यंत मेडिकल कॉलेजचं म्युझियम रिकामं करायचंय. ज्यांच्या घरचे सापडले, त्यांचे सांगाडे घरी देतायत. बाकीचे नागपूरला जाणार."

"मग जाऊ दे नागपूरला," नंदू म्हणाला. "चोपन्न वर्षं काचेच्या कपाटात उभा आहे, आणखी राहील."

"उभे नाहीत ते. त्यांना उभं राहताच यायचं नाही. बसवलंय त्यांना."

नंदूने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

कपाटातला सहदेव म्हणजे नंदूचा सख्खा काका. विमलाच्या नवऱ्याचा, अंबादासचा, थोरला भाऊ. आठव्या वर्षी त्याचा कणा वाकायला लागला तो वाकतच गेला. विशीत त्याचं डोकं कमरेच्या रेषेत आलं, पाठीवर फणसाएवढं कुबड, एक खांदा कानाला चिकटलेला. चालायचा तेव्हा जमिनीवर काही सांडलंय आणि ते शोधतोय असं वाटायचं. चोविसाव्या वर्षी, गावच्या जत्रेत आलेल्या एका तंबूवाल्याबरोबर तो निघून गेला आणि लोक तिकीट काढून त्याला बघायला लागले. पुढची त्याची कीर्ती मात्र घरात कुणाला ठाऊक नव्हती. श्रुतिका फिजिओथेरपी शिकत होती तेव्हा कण्याच्या विकारांच्या धड्यात एक फोटो होता. उघड्या पाठीचा माणूस, डोळ्यांवर काळी पट्टी. डॉक्टरांच्या कितीतरी पिढ्या त्या पाठीवरून बोट फिरवून पास झाल्या. तिनेही त्याची आकृती वहीत काढली होती, दहापैकी नऊ गुण पडले होते. पट्टीखालचे डोळे आपल्याच घरचे आहेत हे तिला गेल्या आठवड्यात कळलं. तिच्या जुन्या मॅडमनी यादीतलं आडनाव आणि गाव वाचून फोन केला, आणि सहावा महिना लागलेली ती पोरगी बोरिवलीहून उठून त्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

"तुला तिकडे जायला सांगितलं कुणी?" नीला आतून पदराला हात पुसत आली. नंदूची बायको, श्रुतिकाची आई. तिचा आवाज कधी चढत नसे, आज चढला होता. "पोटुशीने असलं बघतात का गं? जावईबापूंना सांगितलंस?"

"मम्मी, मी रोज वाकडे कणेच बघते. धंदा आहे माझा."

"ते जिवंत माणसांचे. हे वेगळं."

विमलाच्या हातातलं देठ कट्कन मोडलं. पोटुशीने असलं बघतात का? एकसष्ट वर्षांपूर्वी हेच शब्द, याच भांडुपात, डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत, तिला कुणी बोललं नव्हतं. तिची तीच बोलली होती, मनातल्या मनात.

दारात निलेश उभा राहिला. नंदूहून चार वर्षांनी धाकटा. खांद्यावर केळीच्या पानांची गुंडाळी, कपाळावर घाम. "काय रे दादा, कोर्ट अजून चालूच? वहिनी, पानं घे. चांगली मोठी आणलीत, पूर्वज पाय पसरून जेवतील."

"निलेश, मस्करी नको," नंदू म्हणाला.

"मस्करी नाही यार. श्रुतिकाने मला फोटो पाठवला. पुस्तकात आहे आपला काका! आपल्या घराण्यात आजपर्यंत कुणाचं नाव छापून आलंय? तुझं एकदा आलं होतं, सोसायटीच्या थकबाकीदारांत. कर ना सही. आणू घरी, देऊ अग्नी, संपवू विषय."

"काकाला कळतंय बघा," श्रुतिका म्हणाली.

"काकाला काय कळतंय?" नीला एकदम त्याच्याकडे वळली. "भावोजी, अग्नी द्यायचा म्हणजे दाखला, पेपर, चार लोक. उद्या ते कॉलेजवाले फोटो काढतील. रविवारी तुमच्या रुचिराला बघायला येणारेत ना? त्यांनी विचारलं, घराण्यात असं व्यंग होतं का, तर काय सांगाल? फेमस होतं म्हणून सांगाल?"

निलेशने पानं खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसायला त्याला जरा वेळच लागला. "तसं नाही... पण वहिनीच्या बोलण्यातही पॉइंट आहे, श्रुतिका. रविवारपर्यंत थांबूया का?"

"एवढाच दम होता?" श्रुतिका म्हणाली.

"तुला लेक होऊ दे, मग दम विचार मला."

विमलाने मान वर केली नाही. असंच होतं. एका माणसाला घरात घ्यायचं की नाही हे ठरवताना लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, ज्याचं लग्न व्हायचंय त्याच्याकडे बघतात. तेव्हाही असंच झालं होतं. सहदेव गेला, बातमी नाही, पत्र नाही. रीतीने बारा वर्षं वाट बघायची असते. घाडीगावकरांनी सातव्या वर्षी हात झटकले, कारण धाकटा अंबादास सव्वीसचा झाला होता आणि थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याला मुलगी कोण देणार? आणि थोरला असा, हे कळल्यावर तर अजिबातच नाही. बोट बुडाली, त्यात तो होता, असं कुणी तरी कुणाकडून तरी ऐकल्याचं निमित्त पुरलं. पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला सहदेव नाव दिलं, अग्नी दिला. दहावं, तेरावं, सगळं यथासांग. पुढच्या वैशाखात विमला माप ओलांडून घरात आली. तिच्या लग्नाच्या अक्षता त्या राखेवर पडल्या होत्या.

आणि माघात सहदेव परत आला.

"मला लोकांचं काही नाही," नंदू म्हणाला. हळू बोलत होता, म्हणून सगळे गप्प झाले. "नीला म्हणते ते तिच्या जागी. माझं कारण वेगळं आहे. श्रुतिका, तू तुझ्या पणजीला बघितलं नाहीस. मी तिच्या कुशीत वाढलो. तो परत आला तेव्हा गावच्या भटजींनी सांगितलं, ज्याचं और्ध्वदेहिक झालंय त्याला तसाच घरात घेता येत नाही. त्याचा पुन्हा जन्म करावा लागतो. तुपापाण्याच्या घंगाळात त्याला बसवायचं, मुठी वळून, गुडघ्यांत डोकं घालून, गर्भातल्यासारखं. मग आईने त्याला मांडीवर घ्यायचं, बारसं करायचं, नाव ठेवायचं. म्हातारे पुरुष कां कू करत होते. आजी म्हणाली, मी घेते. बत्तीस वर्षांचा तो घोडा मांडीवर घ्यायला माझी आजी पाणी तापवून बसली. संध्याकाळपर्यंत विस्तव जाळत बसली. आणि हा पठ्ठ्या निघून गेला. न सांगता, न भेटता."

"पप्पा..."

"ऐक. ती मरेपर्यंत एकच बोलायची. ‘माझ्या झिलाक माझी मांडी नको झाली.’ मला झोपवताना बोलायची. अंगाई म्हणून हे ऐकलंय मी. आणि आता मी त्याला सन्मानाने आणू? ज्याने आईला लाथाडलं, त्याला कपाटच बरं."

कुकरची शिट्टी झाली. नीला आत गेली नाही.

ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना अशीच माहीत होती. ती अशी नव्हती, हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक काचेच्या कपाटात बसला होता. दुसरी अळू सोलत होती. आपण गप्प राहिलो तर आजचा दिवस कसाही पार पडेल, हे विमलाला कळत होतं. सांगाडा नागपूरला जाईल, मुलं तिच्या पायाला हात लावून जेवायला बसतील. बोललो तर सहदेवाला आग मिळेल. आणि आपल्याला काय मिळेल, तेही तिला दिसत होतं.

श्रुतिकाने फोन हातात घेतला. "पप्पा, एक गोष्ट मी तुम्हाला दाखवली नव्हती. वाईट वाटेल म्हणून. तंबू सोडल्यावर ते त्या कॉलेजातच शिपाई होते. बाटल्या धुवायचे, मुलांना वर्गात पाठ दाखवायचे. मुलं मामा म्हणायची. मरायच्या तीन वर्षं आधी त्यांनी स्वतःहून देह दिला. रजिस्टरमध्ये त्यांचा जबाब आहे, त्यांनी सांगितला तसा कारकुनाने उतरवलाय. वाचू?"

"वाच," निलेश म्हणाला.

"‘नाव, सहदेव धोंडू घाडीगावकर. वय छत्तीस. लग्न नाही. आई हयात, मुक्काम भांडुप. मृत्यूनंतर कुणास कळवावे? कुणास नाही. कारण, आमच्या घरी माझे क्रियाकर्म पूर्वीच झालेले आहे. पुन्हा जन्म देण्यास आईने नकार दिला, तो तिचा अधिकार आहे, माझी तक्रार नाही. जो जन्मलाच नाही त्याच्या मरणाची तिला तसदी देऊ नये.’ खाली अंगठा."

बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

"खोटं," नंदू म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "साफ खोटं. आजीने नकार दिला? सख्ख्या आईवर आळ घेऊन गेला हा माणूस! आणि हे कागदावर, अंगठा लावून! दे तो फॉर्म इकडे. फाडूनच टाकतो."

"दादा, थांब," निलेशने त्याचा हात धरला.

"सोड! माझ्या आजीला..."

"नंदू," विमला म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की कुणाला ऐकू आला नसता. पण आई कामाच्या मध्ये कधी बोलायची नाही, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. विमलाने अळूचं ताट बाजूला सारलं. दाराच्या चौकटीला धरून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तशीच बसली.

"तो खोटं बोलला नाही. त्याला तसंच सांगितलं गेलं."

"कुणी सांगितलं?"

"मी."

नंदू हसल्यासारखं करून थांबला. "आई, काय बोलतेस? तू तेव्हा नवीन नवरी होतीस."

"नवीन होते, आणि पोटुशी होते. तू होतास पोटात. पाचवा महिना." ती बोलत होती ते कुणाकडेही न बघता, फरशीकडे बघून. "तो चाळीमागच्या पिंपळाच्या पारावर दोन दिवस बसून होता. घरात घ्यायचं नव्हतं ना, विधी होईपर्यंत. मामंजी भटजींना आणायला स्टेशनवर गेलेले. तुझे वडील गिरणीत, पहिल्या पाळीला. सासूबाईंनी सोवळं नेसून घंगाळ चुलीवर चढवलं. पाण्यातून बाहेर येईपर्यंत आईने त्याचं तोंड बघायचं नाही, असं भटजींनी बजावलेलं. म्हणून त्या स्वतः गेल्या नाहीत. मला त्याला आणायला पाठवलं. म्हणाल्या, ‘जा गो, त्याका हाड. सांग त्याका, आये मांडयेर घेवक तयार आसा.’ हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना तेवढंच काय ते बघितलं. नंतर कधी नाही."

श्रुतिका हलक्या पावलांनी येऊन तिच्याजवळ खाली बसायला लागली. विमलाने हात पुढे करून तिला थांबवलं.

"नको. लांब बैस. ऐकून घे आधी."

मग तिने सांगितलं. आजवर देवासमोरही तिने ते शब्दांत मांडलं नव्हतं. जपाच्या मण्यांमागे लपवून ठेवलं होतं. माहेरी तिला सांगून पाठवलेलं, ग्रहण बघू नकोस, साप बघू नकोस, व्यंग बघू नकोस, पोरावर उतरतं. शेजारणींनी दोन दिवस तेच कानात घातलं होतं. ती पदर डोळ्यांवर ओढून गेली. एका हाताने पदर, एका हाताने पोट. वाटलं, न बघता निरोप सांगावा आणि पळावं. पण तो पारावरून उतरून जवळ आला. आणि तो वर बघू शकत नव्हता. मान वळतच नव्हती त्याची. त्याचं तोंड बरोबर तिच्या पोटासमोर आलं. वीतभर अंतरावर. तो बोलला तो तिच्याशी नाही, तिच्या पोटाशी बोलला.

"म्हणाला, ‘तू कोण गो?’ मी म्हटलं, धाकट्याची बायल. तर म्हणाला, ‘आये काय म्हणता?’ एवढंच विचारलं त्याने. आणि त्याचा श्वास मला इथे लागत होता, नंदू. इथे, लुगड्यातून. मला वाटलं हा घरात आला तर रोज असा लागणार. तू जन्मायच्या आधीच तुझी पाठ मला दिसायला लागली. मी म्हटलं..." तिने अळूचं ताट आणखी लांब सारलं. "मी म्हटलं, ‘नको म्हणता. एकदा जल्म दिलंय ताच खूप झाला म्हणता.’ कुठून आले ते शब्द, आजतागायत कळलं नाही मला. सासूबाई असलं स्वप्नातसुद्धा बोलल्या नसत्या."

"मग?" निलेशने विचारलं. त्याच्या तोंडून शब्द फुटला तो लहान मुलासारखा.

"मग काही नाही. विचारलं, ‘कितवो म्हयनो?’ पाचवो, म्हटलं. त्याने हात जोडले, पोटाला. ‘सुखरूप होवंदे,’ म्हणाला, आणि डोंगराच्या बाजूने चालायला लागला. मी घरी येऊन सांगितलं, ते तिथे नाहीत, गेले. सासूबाईंना खरं वाटेना. येईल, येईल म्हणत पाणी गार झालं की पुन्हा लाकडं सारायच्या. तूप करपल्याचा वास सुटला चाळभर. संध्याकाळी मामंजींनी घंगाळ उतरवून मोरीत ओतलं. मी धुतलं ते. तेव्हापासून तूप सोडलं. तुम्ही समजता गुरुवारचं व्रत आहे."

तिचं सांगून झालं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. बोलायला एकसष्ट वर्षं लावली, रडायला कुठली घाई.

पहिली बोलली ती नीला. सासूच्या बाजूला येऊन उभी राहिली, पण बोलली ती स्वतःशीच. "मीही तेच केलं असतं," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते कळून तिने लेकीकडे बघितलं. श्रुतिकाने दोन्ही हात पोटावर घेतले होते, आणि आईपासून एक पाऊल मागे सरकली होती.

"तू आजीला का नाही सांगितलंस?" नंदूने विचारलं. "ती एकोणीसशे एक्क्याऐंशीला गेली. सतरा वर्षं होती तुझ्यासमोर. सतरा वर्षं, आई."

"तू झालास. सरळ पाठीचा झालास. तुला तेल लावताना त्या रोज तुझ्या कण्यावरून अंगठा फिरवायच्या, वरून खाली. मला वाटायचं आज सांगू, पण अंगठा फिरत असायचा."

"तिने माझ्या कानात आयुष्यभर त्याच्यावरचा राग ओतला. मी शिव्या घातल्यात त्याला. म्हाळाच्या दिवशी, याच जागी बसून, तुझ्यासमोर. तू ऐकत होतीस?"

"ऐकत होते."

"आणि वडे तळत होतीस."

नंदू उत्तरासाठी थांबला नाही. तो उठून खिडकीपाशी गेला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पाठमोरा. शर्टाखाली ती सरळ, रुंद पाठ. विमलाने पहिल्यांदाच तिच्यावरून नजर काढून घेतली.

बेल वाजली. यज्ञेश गुरुजी होते. तिशीतले, कानात इअरफोन, हातात हेल्मेट. "नमस्कार, नमस्कार. उशीर झाला, नाहूरच्या पुलावर अडकलो. चला, लवकर बसूया, दीडला घाटकोपरला दुसरा म्हाळ आहे माझा." मग ओट्यावरची रिकामी कढई बघून, आणि माणसांची तोंडं बघून, त्याने इअरफोन काढला. "काय झालं? सुतक आलं का काही?"

"गुरुजी, बसा," नंदू म्हणाला. त्याचा आवाज कचेरीतल्यासारखा झाला होता, कोरडा. "एक विचारायचंय." आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. पुतळा, घंगाळ, कपाट. आईचं नाव घेतलं नाही. "निरोप चुकीचा गेला," एवढंच म्हणाला.

गुरुजीने हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं. पोरगेला असला तरी शिकलेला होता. बोटांवर काही मोजलं, ओठ हलवले. "हे मी पोथीतच वाचलंय," तो म्हणाला. "प्रत्यक्षात कधी... म्हणजे, ते परत आले, आणि पुनर्जन्माचा संस्कार झालाच नाही."

"नाही."

"मग आज त्यांना काही देता येणार नाही. पहिलं दहन झालं ते जिवंत माणसाचं. त्यानंतर जन्म झाला नाही, म्हणून दुसरं मरण मोजता येत नाही. आधी अस्थी घरी यायला हव्यात. तुपापाण्याचं स्नान, मांडीवर घेणं, नाव ठेवणं. मग अग्नी, मग दिवस. शास्त्रात वाट आहे, पण ती त्याच क्रमाने जाते. पुढच्या वर्षीच्या म्हाळात त्यांचं पान मांडता येईल."

श्रुतिकाने टीपॉयवरचं पेन उचलून बापापुढे धरलं. नंदूने कागद खिडकीच्या कठड्यावर टेकवला. मृताशी नाते, या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याने ‘पुतण्या’ लिहिलं, सही केली. निलेश पुढे झाला, "दादा, साक्षीदाराची मी करतो," म्हणाला.

"रविवार आहे तुझा," नंदू म्हणाला.

"गेला उडत रविवार." आणि त्याने सही केली.

मग घर एकदम कामाला लागलं. लागायलाच हवं होतं. नीलाने कढई चढवली, वडे फुगायला लागले, श्रुतिकाने पानं धुऊन पुसली. विमला पाटावर होती तिथेच होती. तिच्या वाटणीचं अळू नीलाने उचलून नेलं. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. येता-जाता सगळे तिच्या बाजूने वळसा घालून जात होते, ओल्या फरशीला घालतात तसा.

साडेबाराला नंदू उपरणं घेऊन बसला. गुरुजीने दर्भाची पवित्रकं दिली, भाताचे पिंड रांगेत मांडले. बाप, आजा, पणजा. अंबादासचं नाव झालं, धोंडूचं झालं. नंदूचा हात तीळ-पाणी सोडत होता.

"आता पितामही, म्हणजे आजी," गुरुजी म्हणाला. "नाव सांगा."

नंदूने ओंजळ धरली. पाणी बोटांतून गळत होतं, नाव येईना.

त्या थांबलेल्या वेळात विमलाला आपलाच आवाज ऐकू आला. "गुरुजी," ती पाटावरून म्हणाली, "मांडीवर घ्यायला... मातृस्थानी कुणी तरी बाई लागेल ना? सासूबाई नाहीत. मी घरातली मोठी. मी बसले तर चालेल?"

गुरुजीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. सुरकुतलेली, सुकलेली, पदर नीट घेतलेली म्हातारी. रोज सकाळी एकशे आठ मणी ओढल्याशिवाय पाणी न पिणारी. त्याला त्यात हरकत दिसली नाही. "शास्त्राला चालेल, आजी," तो म्हणाला. "पण यजमानांनी सांगायचं."

सगळ्यांनी नंदूकडे पाहिलं. त्याने ओंजळीतलं पाणी खाली सोडलं, तीळ बोटांना चिकटून राहिले. आईकडे त्याने बघितलं नाही.

"माझी आजी बसली असती," तो म्हणाला.

आणि गुरुजींकडे वळून त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली. "भागीरथी," तो म्हणाला. "घ्या."